विशेष मुलांच्या वर्गावर नवीन आहे. वर्ग ताब्यात कसा आणू?

तुम्ही लिहिलंय की वर्गात सात मुलं आहेत, एक जण रोज खुर्च्या ढकलतो, त्याचं बघून बाकीचे उठतात, आणि सिनियर बाई म्हणतात, 'पहिला महिना कडक राहा, नाहीतर डोक्यावर बसतील.' हे वाक्य सोळा वर्षांपूर्वी मलाही ऐकवलं होतं. मी ते मानलं आणि एका मुलाचे तीन आठवडे वाया घालवले, म्हणून लिहायला बसले.

तो नऊ वर्षांचा होता, बोलता यायचं नाही. सकाळी मणी ओवायला छान बसायचा. मग अचानक कोपरापासून हात फिरवायचा आणि टेबल साफ. खडू, कागद, शेजारच्या मुलीची वही, सगळं जमिनीवर. सिनियर बाई म्हणाल्या, 'दाराबाहेर उभा कर, दोन दिवसांत सरळ येतो.' मी केला. तो बाहेर भिंतीला टेकून शर्टाचं बटण फिरवत शांत बसायचा. ती शांतता बघून मला वाटलं, जमलं. तिसऱ्या आठवड्यात तो दिवसातून तीन-तीनदा टेबल साफ करायला लागला. एकदा तर वस्तू पाडल्या आणि मी उठायच्या आत स्वतःच दाराकडे चालू लागला.

त्या दिवशी हजेरीपटाच्या मागच्या पानावर तीन रकाने आखले. आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, त्यावर मी काय केलं. दहा दिवसांत तेवीस वेळा घडलं, त्यातलं एकोणीस वेळा कागद कापायच्या तासाला. तिसऱ्या रकान्यात खालपर्यंत एकच शब्द होता, 'बाहेर'. त्याला कात्री नको होती आणि मी रोज त्याची कात्रीतून सुटका करत होते. टेबल साफ केलं की सुटका होते, हे मीच त्याला शिकवलं होतं.

मग हाताच्या पंज्याचं चित्र काढलेलं एक कार्ड केलं आणि वेल्क्रोने त्याच्या टेबलाला चिकटवलं. मदतनीस ताई त्याच्या मागे बसायच्या. हात फिरायच्या बेतात दिसला की तोच हात धरून कार्ड उचलायला लावायच्या. कार्ड माझ्या हातात आलं की मी 'थांबूया' म्हणायचे आणि कात्री दोन मिनिटं बाजूला. पहिल्या दिवशी त्याने एकतीस वेळा कार्ड दिलं. मी एकतीस वेळा थांबले. सिनियर बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, 'झालं, आता हा कामच करणार नाही. लाड चाललेत नुसते.' पुढे शिक्षकांच्या बैठकीतही त्यांनी हेच सांगितलं आणि मी गप्प बसले.

आज उत्तर देते. वस्तू फेकल्यावर हवं ते हातात देणं याला लाड म्हणतात, आणि दाराबाहेर काढून नेमकं तेच चाललं होतं. कार्ड देणं म्हणजे मागणं. आपण दमलो की 'जरा थांबते' म्हणतो, त्याला कुणी लाड म्हणत नाही. ज्याच्याकडे शब्दच नाहीत त्याने कशाने म्हणायचं? हे काही माझ्या मनचं नाही. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली दाखवून दिलं होतं की, त्रासदायक वागण्यातून मूल जे मिळवत असतं तेच नीट मागायला शिकवलं, तर ते वागणं कमी होतं.

दुसऱ्या आठवड्यापासून 'आधी दोन काप, मग थांबू' असं सुरू केलं, पुढे चार काप. दोन महिन्यांनी टेबल साफ होणं आठवड्यातून एखाद्या वेळेवर आलं. मध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्टने त्याचा हात तपासला. अंगठ्यात जोर नव्हता, मिटलेली कात्री त्याला पुन्हा उघडताच येत नव्हती. स्प्रिंगची, आपोआप उघडणारी कात्री आणली. त्याने कागदाची लांब पट्टी कापली आणि घरी जाईपर्यंत मुठीतून सोडली नाही.

आता तुमचं. त्या मुलाच्या दहा दिवस नोंदी ठेवा. 'चिडला', 'हट्ट केला' असं लिहू नका, 'डाव्या हाताने खुर्ची ढकलली' असं लिहा. बाकीचे सहा उठतात कारण तेव्हा त्यांच्या हातात काही नसतं. त्याच्यापाशी कोण जाणार आणि सहा जणांकडे कोण बघणार, हे मदतनिसाशी सकाळीच ठरवा. तो भडकलेला असताना समजावू नका, तेव्हा काही आत जात नाही. दोन शब्द, हळू आवाजात, बस. एक काम संपून दुसरं सुरू होणार असेल तर आधी चित्र दाखवा. बरेचसे गोंधळ त्या सांध्यावरच होतात.

एक सांगायचं राहिलं. 'थांबूया'चं कार्ड काम टाळायचं असेल तरच लागू पडतं. तुमचा मुलगा लक्ष वेधायला किंवा एखादी वस्तू मिळवायला ढकलत असेल, तर ते मागायचं कार्ड हवं. खुर्ची ढकलून जे मिळत होतं ते मिळेनासं झालं की काही दिवस ढकलणं वाढू शकतं, तेव्हा माघार घेऊ नका. आणि असं वागणं अचानक सुरू झालं असेल, किंवा मूल स्वतःच्या डोक्यावर-कानावर मारत असेल, तर नोंदींच्या आधी डॉक्टर. दात, कान, बद्धकोष्ठ, काहीही असू शकतं, आणि त्याला सांगता येत नाही.

सिनियर बाई 'लाड' म्हणाल्या तर नोंदींचं पान त्यांच्यासमोर ठेवा. त्या बैठकीत माझं पान माझ्या पिशवीत होतं आणि मी ते बाहेर काढलं नाही.