लेन्स नंतर घ्या, आधी एक वर्ष विकत घ्या

प्रश्न : मी नाशिकला राहतो, वय ३६. नऊ वर्षं लग्नाच्या ऑर्डरी करतोय. गेल्या वर्षी १६ लग्नांचे ९ लाख ६० हजार आले. मदतनीस, एडिटिंग, अल्बम, गाडी यांत ३ लाख ९० हजार गेले. आता लग्नं पूर्ण बंद करून फक्त घरगुती कौटुंबिक फोटोग्राफी करायची आहे : लोकांच्या घरी जाऊन, खिडकीच्या उजेडात, थीम नाही, प्रॉप्स नाहीत. गेल्या वर्षी अशी ११ कामं केली, प्रत्येकी ६,००० रुपयांत. बायकोला शाळेत हातात २४ हजार मिळतात. गृहकर्जाच्या १८,५०० च्या हप्त्यासह घरखर्च ५२ हजार. मुलगी सहा वर्षांची. साडेचार लाखांची एफडी आहे. ती मोडून नवा कॅमेरा आणि दोन लेन्स (३ लाख ८० हजार) घ्याव्यात का? दोन तासांचे सहा हजार म्हणजे लग्नापेक्षा बरंच, असा माझा हिशेब आहे.

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, हे काम याने करायलाच हवं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसलो.

दोन तासांपासूनच सुरुवात करू. दोन तास तुम्ही त्या घरात असता, हे खरं. त्याआधी फोनवर तीनदा बोलणं होतं. मूल आजारी पडलं म्हणून तारीख बदलते. सिडकोतून गंगापूर रोडला जायचं-यायचं. मग सहाशे फोटोंतून साठ निवडायचे, रंग सुधारायचे, पाठवायचे, आणि 'आजीचा तो दुसरा मिळेल का' हेही असतंच. तुम्ही तास लिहिलेले नाहीत, म्हणून मी १४ धरतो. पेट्रोल, प्रिंट, ऑनलाइन गॅलरीचं भाडं असे १,२०० गेले की राहतात ४,८००. म्हणजे तासाला साडेतीनशेसुद्धा नाहीत. लग्नात एका ऑर्डरमागे तुमच्याकडे साधारण ३५,६०० उरतात. त्यात एडिटिंगच्या देखरेखीसह साठ तास जात असतील असं धरलं, तरी तासाचे जवळपास सहाशे पडतात. आजच्या दराने घरगुती काम तुम्हाला लग्नापेक्षा स्वस्तात राबवतंय.

आता घराची गरज. बायकोचा पगार वजा जाता महिना २८ हजार तुम्हाला आणायचे आहेत. म्युच्युअल फंडातल्या एसआयपीचे महिना पाच हजार थांबवू नका. आरोग्य आणि मुदत विम्याचे महिना दोन हजार धरा; सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेव्हा 'पुढच्या वर्षी बघू' ही सबब आता चालणार नाही. झाले ३५ हजार, म्हणजे वर्षाला ४ लाख २० हजार. शिवाय सॉफ्टवेअर, हार्ड डिस्क, सामानाचा विमा, आणि कधीतरी कॅमेरा बदलावा लागेल त्याची बेगमी असे ६० हजार. हा खर्च तुमच्या हिशेबात कुठेच दिसला नाही. बहुतेक फोटोग्राफरांच्या दिसत नाही. एकूण ४ लाख ८० हजार.

४,८०० ने भागा. वर्षाला शंभर घरं.

गेल्या वर्षी झाली अकरा. आणि लहान मुलांचे आईबाप मोकळे कधी, तर शनिवार-रविवारी. त्यातही चांगला उजेड सकाळचाच. परीक्षा, दिवाळीची गावं आणि आजारपणं वगळली की उरलेल्या प्रत्येक आठवड्याच्या दोन्ही सुट्ट्या गेल्या, काही सकाळी तर दोन-दोन घरं. सीझनमध्ये मुलगी झोपल्यावरच घरी पोहोचतो म्हणून लग्नं सोडायची, असं तुम्ही पुढे लिहिलं आहे. मग तिची प्रत्येक सुट्टी दुसऱ्याच्या घरी घालवून काय साधलं?

तेव्हा दर वाढवायला हवा. ९,००० केलेत, छापील फोटोंचा एक नीट संच दिलात आणि खर्च २,००० वर गेला, तर घरं ६९ लागतात. १२,००० केलेत, छोटं पुस्तक दिलंत आणि खर्च ३,००० धरला, तर ५४. तासाचा हिशेब या दराला कुठे लग्नाच्या थोडा पुढे जातो. माझ्या मते तुम्हाला पोहोचायचं आहे ते इथे, पण उद्या सकाळी नाही.

नाशिकमध्ये बारा हजार कोण देतं, असं म्हणाल. माझे वडील गेले तेव्हा हार घालायला फोटो शोधला, तर बँकेच्या पासबुकावरचा निघाला. तोच मोठा करून आणला. कपाळावर शिक्क्याची कड अजून दिसते. आयुष्यभर लोकांचे पैसे सांभाळणाऱ्याच्या घरची ही गोष्ट. स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी असलेली आई, पेपर वाचणारे आजोबा आणि त्यांच्या पाठीवर चढलेली नात, असा फोटो मोबाइलात निघत नाही, कारण मोबाइल समोर आला की सगळे ओळीत उभे राहतात. देणारे आहेत. फक्त ते एका वर्षात शंभर होत नाहीत.

म्हणून तुमचा निर्णय मला पटतो, क्रम पटत नाही.

येत्या वर्षी १६ ऐवजी ८ लग्नं घ्या. ज्यांचे पैसे बुडाले नाहीत आणि ज्यांनी पहाटे तीनला फोन केला नाही, ती आठ. त्यांतून २ लाख ८५ हजार सुटतील. उरले १ लाख ९५ हजार. ते ९,००० च्या दराने २८ घरांतून येतात. अकरावरून अठ्ठावीस हा चढ मला झेपणारा वाटतो.

आणि एफडी? खिडकीच्या उजेडात, प्रॉप्सशिवाय काम करायचं असं म्हणता आणि त्यासाठी पावणेचार लाखांचं सामान मागता, हे मला कळलं नाही. फोटोग्राफीच्या ज्या शाखांना सामान कमी लागतं, त्यांतली ही एक आहे. मांडवातल्या अंधारात नऊ वर्षं चाललेला कॅमेरा बैठकीच्या खोलीत चालणार नाही? फार तर छोट्या खोल्यांसाठी एक मोठ्या छिद्राची, म्हणजे जास्त उजेड आत घेणारी, ३५ मिमीची लेन्स घ्या, जुनी चालेल. ती आणि दोन हार्ड डिस्क मिळून ४५ हजारांच्या आत बसवा. २ लाख १० हजार, म्हणजे तुमच्या वाट्याचे सहा महिने, हात न लावता ठेवा. राहिले १ लाख ९५ हजार. आकडा ओळखीचा वाटला ना? वर्षभरात एकही कुटुंब आलं नाही, तरी आठ लग्नं आणि ही रक्कम मिळून घर चालतं. साडेचार लाखांत मिळणारी सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे, आणि ती कॅमेऱ्याच्या दुकानात मिळत नाही. एफडी एकदम मोडू मात्र नका, तीन पावत्या करून घ्या.

कामं कुठून येतील हे तुम्ही मला विचारलेलं नाही, पण पंचांग बघा. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक, १७ मे ते १५ जून. महिनाभर मुहूर्त नाहीत, म्हणजे मांडव रिकामे. पण लेक-जावई धोंड्याच्या जेवणाला घरी येणार, सगळं कुटुंब एका पंगतीत. त्यात तुम्ही नाशिकचे. सिंहस्थात लग्न नको म्हणणारी घरं आजही आहेत, त्यामुळे २०२७ च्या लग्नांवर फार भिस्त ठेवू नका. बारसं, बोरन्हाण, सहस्रचंद्रदर्शन यांना बोलावणी येतील. घ्या, पण समारंभ शूट करणारा म्हणून पुन्हा ओळख होऊ देऊ नका. समारंभाला जा आणि पुढच्या साध्या रविवारची तारीख, पाचशे का होईना इसार घेऊन, ठरवून या.

दोन गोष्टी कागदावरच्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, कुणी मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याकडे जातो. तुमची जाहिरात म्हणजे दुसऱ्यांच्या मुलांचे चेहरे. लेखी परवानगीशिवाय एकही फोटो इन्स्टाग्रामवर टाकू नका, आणि 'नाही' म्हणणाऱ्यांना दर तोच ठेवा.

दुसरी प्राप्तिकराची. तुम्ही पुढे लिहिता की, तुमचे सल्लागार १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातल्या ४४एडीखाली, म्हणजे छोट्या धंद्याला ठोक टक्केवारीने नफा दाखवू देणाऱ्या कलमाखाली, लग्नांच्या जमेच्या सहा टक्के, म्हणजे ५७,६०० रुपये उत्पन्न दाखवतात. सहा टक्के ही डिजिटल जमेसाठीची किमान मर्यादा आहे (रोखीला आठ). कमाई जास्त असेल तर जास्तच दाखवायची असते. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्यच होतो. मग पाच-सहा लाख दाखवायला भ्यायचं कशाला? उद्या मुद्रा कर्ज मागायला गेलात किंवा गृहकर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचं म्हटलंत, तर बँक विवरणपत्र बघणार, आणि त्यावर ५७ हजारांचा माणूस दिसणार. जीएसटीची चिंता नको. सेवांसाठी २० लाखांची मर्यादा तुमच्यापासून लांब आहे.

एक आकडा तुम्ही दिला नाहीत, आणि मला तोच सर्वांत जास्त हवा होता : त्या अकरा घरांपैकी किती जणांनी पुन्हा बोलावलं? लग्नाचं गिऱ्हाईक एकदाच येतं. घरगुती कामात दर वाढदिवसाला तेच घर परत येऊ शकतं, आणि चोपन्नचा आकडा शक्य होतो तो त्यामुळेच. या आठवड्यात अकराही जणांना फोन करा, नवा ९,००० चा दर सांगा आणि तारीख मागा. पाच किंवा जास्त जणांनी दिली, तर पुढच्या सीझनची उरलेली आठ लग्नं निर्धास्त नाकारा. दोघा-तिघांनीच दिली, तर यंदा १२ लग्नं घ्या आणि दिवाळीनंतर मला पुन्हा लिहा.