हायवेला लागून फ्लॅट: आधी अंतर मोजा

नाशिकच्या द्वारका सर्कलजवळ, मुंबई-आग्रा हायवेला लागून टू बीएचके स्वस्तात मिळतोय. घरात तीन वर्षांची मुलगी आणि दमा असलेले सासरे आहेत, तर घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत: रस्त्याला लागून असलेला घेऊ नका. त्याच भागात चार गल्ल्या आत मिळत असेल तर जरूर बघा.

शहराचा एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) बघून हे ठरत नाही. गाड्यांच्या धुरातले अतिसूक्ष्म कण आणि काजळी रस्त्याच्या कडेला सर्वांत दाट असतात आणि पहिल्या १००-१५० मीटरमध्येच झपाट्याने कमी होतात. एकूण परिणामाचा पट्टा ३०० ते ५०० मीटरचा धरतात. त्यातही सिग्नलवर थांबून पुन्हा जोर लावून निघणारा ट्रक जास्त धूर ओकतो, म्हणून द्वारकेसारखा चौक मोकळ्या हायवेपेक्षा वाईट. उड्डाणपुलाच्या उंचीवर येणारा मजला तर नकोच.

मुलीची काळजी मला जास्त वाटते, कारण तिची फुफ्फुसं अजून वाढतायत. कॅलिफोर्नियात मुलांची वर्षानुवर्षं तपासणी करून २००७ साली निष्कर्ष आले: फ्रीवेपासून ५०० मीटरच्या आत राहणाऱ्यांच्या फुफ्फुसांची वाढ दीड किलोमीटरपलीकडच्या मुलांपेक्षा कमी भरली. मोठ्यांना दम्याबरोबर हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. डिझेलचा धूर कॅन्सरकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलंय. ‘हवा निकषात आहे’ असं कुणी सांगितलं तर हेही लक्षात घ्या: नायट्रोजन डायऑक्साइडची आपली वार्षिक मर्यादा घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅम आहे, संघटनेची १०.

बिल्डर फ्लॅट दुपारी दाखवतो. तुम्ही थंडीत सकाळी सातला जा; गार हवेत धूर वर न जाता जमिनीलगत कोंडतो. तिथे राहणाऱ्या कुणाच्या तरी खिडकीच्या स्लायडिंगच्या खाचेत ओलं फडकं फिरवा. माती असेल तर फडकं धुतल्यावर निघते. काळा, तेलकट डाग राहिला तर ती बहुतेक काजळी. बीएस-६ (कडक प्रदूषण निकषांच्या) गाड्यांनी धूर घटला, पण ब्रेक-टायरची भुकटी उडतेच.

घ्यावाच लागला तर मुलीची आणि सासऱ्यांची झोपायची खोली मागच्या बाजूला ठेवा, रस्त्याकडच्या खिडक्या सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत बंद ठेवून दुपारी उघडा, झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. एअर प्युरिफायरमधला हेपा फिल्टर कण अडवतो, वायू नाही. आणि टोकन देण्याआधी सासऱ्यांच्या छातीच्या डॉक्टरांना हा पत्ता सांगून विचारा.