आठ दिवसांत मोटरसायकलने सगळी श्रीलंका होईल का?

आपण बडोद्याहून विचारले आहे की फेब्रुवारीत आठ दिवसांची रजा काढून, पत्नीला मागे बसवून, जाफन्यापासून गॉलपर्यंत सारी श्रीलंका मोटरसायकलने पाहता येईल का, स्वतःची गाडी तिकडे नेता येईल का, आणि परवान्याचे काय करावे लागते. मी इंदूरचा. 2024 च्या फेब्रुवारीत आम्ही दोघे नवरा-बायको असेच गेलो होतो, म्हणून लिहितो. महिना आपण अचूक निवडला आहे आणि आठ दिवसही कमी नाहीत, मात्र ते सगळ्या बेटासाठी नाहीत. उत्तर टोकाचे जाफना या खेपेला सोडून द्यावे आणि मधला डोंगर व दक्षिणेचा किनारा एवढेच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे बेट उत्तर-दक्षिण सुमारे 430 किलोमीटर लांब आणि सुमारे 220 किलोमीटर रुंद आहे, म्हणजे लांबी जवळजवळ बडोदे ते मुंबई एवढीच. नकाशा समोर ठेवला की आपल्या महामार्गाच्या सवयीने हात आपोआप रोजचे तीनशे किलोमीटर धरतो, आणि मीही तसेच धरले होते. तिथे द्रुतगती मार्ग आहेत, पण त्यांवर मोटरसायकलला आणि रिक्षाला मनाई आहे. आपल्या वाट्याला येतात ते जुने दुपदरी रस्ते, जे प्रत्येक गावाच्या बाजारातून, शाळेवरून आणि देवळावरून जातात. कॅंडी ते नुवारा एलिया हे अंतर अवघे 77 किलोमीटर आहे. इंदूरहून मांडू याहून दूर आहे, आणि तरी सकाळचे पोहे खाऊन निघालेला माणूस मांडूला उन्हे तापायच्या आत पोहोचतो. आम्हाला त्या 77 किलोमीटरना साडेचार तास लागले, आणि त्यात चहाचा थांबा एकच होता. म्हणून डोंगरात दिवसाला ऐंशी, सपाटीवर फार तर दीडशे किलोमीटर धरावेत.

स्वतःची गाडी नेण्याचा विचार सोडून द्यावा. तामिळनाडूतील नागपट्टिणमहून जाफन्याजवळच्या कांकेसंतुरैला 2023 मध्ये बोट पुन्हा सुरू झाली खरी, पण ती माणसांची आहे, वाहनांची नाही. डिसेंबर 1964 च्या वादळात धनुष्कोडी उद्ध्वस्त होईपर्यंत तिथून श्रीलंकेतील तलैमन्नारला आगबोट जात असे, एवढी आठवण काढून आपण विमानाचे तिकीट काढावे आणि गाडी तिथेच भाड्याने घ्यावी.

परवान्याकडे मात्र नीट लक्ष द्यावे, कारण तिथे बहुतेक लोक चुकतात. आपल्याकडचा साधा परवाना तिथे पुरत नाही. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना घ्यावा. त्याचे शुल्क 1,000 रुपये असून तो एक वर्ष चालतो. हातात आल्यावर खिडकीपासून हलण्यापूर्वीच त्यातील वाहनांचे वर्ग पाहावेत, कारण मोटरसायकलचा वर्ग वेगळा असतो आणि केवळ मोटारीचा शिक्का असेल तर तो परवाना आपल्या कामाचा नाही. एवढ्यानेही भागत नाही. या परवान्यावर कोलंबोतील ऑटोमोबाइल असोसिएशन ऑफ सिलोनची मान्यता घ्यावी लागते. आम्ही गाडी घेण्याआधी तिथे जाऊन ते काम उरकले. 2025 पासून कोलंबोच्या कटुनायके विमानतळावरही परदेशी प्रवाशांना तात्पुरता परवाना देण्याची सोय झाली आहे, त्यामुळे कदाचित आपला कोलंबोचा फेरा वाचेल. निघण्यापूर्वी त्यात मोटरसायकलचा वर्ग मिळतो का, एवढे विचारून घ्यावे. पोलिसांपेक्षा विम्यासाठी हे अधिक महत्त्वाचे आहे, कारण योग्य परवाना नसताना अपघात झाला तर प्रवासविम्याची कंपनी हात वर करते. विमा घेतानाही दुचाकीविषयीचे कलम शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे; पुष्कळ पॉलिसींत दुचाकी वगळलेली असते किंवा इंजिनाच्या सीसीवर मर्यादा घातलेली असते.

गाडी आम्ही विमानतळाजवळच्या निगंबोत एका दुकानातून घेतली. तिकडे बजाज आणि टीव्हीएसच्या गाड्या रस्त्यावर इतक्या आहेत की आपल्याच गावात असल्यासारखे वाटते, आणि त्याच ओळखीने मी फसलो. ओळखीचे इंजिन, ओळखीचा आवाज, म्हणून मी एक फेरी मारली आणि सही केली. मागच्या टायरकडे वाकून पाहिलेच नाही. तिसऱ्या दिवशी रंबोड्याच्या घाटात पाऊस लागला. डाव्या वळणावर, जिथे कडेच्या दगडांतून पाणी झिरपून रस्त्यावर शेवाळ धरले होते, तिथे मागचे चाक अलगद बाजूला सरकले. वेग पंचवीसच्या आसपास असल्याने आम्ही पडलो नाही, माझा पाय टेकला आणि गाडी सावरली. कडेला घेऊन पाहतो तो टायरच्या मधोमध नक्षी जवळजवळ पुसलेली, आणि बोट फिरवले तर काचेवरून फिरवल्यासारखे. पुढच्या गावात पंक्चरवाल्याने नवा टायर बसवून दिला. पैसे मी भरले, आणि गाडी परत करताना दुकानदाराने त्यांतले निम्मेच दिले. तेव्हा टायर, ब्रेक, दिवे आणि साखळी आधी पाहावी, गाडीचे चारही बाजूंनी छायाचित्र काढावे, आणि विम्याचा कागद व त्या वर्षीचे रेव्हेन्यू लायसन्स, म्हणजे वाहनकर भरल्याचा वार्षिक कागद, गाडीसोबत मागून घ्यावे, कारण पोलीस तेच आधी पाहतात. अनामत म्हणून पासपोर्ट ठेवू नये. रोख रक्कम द्यावी.

वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते, पण तेथील रीत निराळी आहे. झेब्रा क्रॉसिंगवर माणसाने पाय ठेवला की गाड्या खरोखर थांबतात, आणि आपण इंदुरी सवयीने त्याला वळसा घालून निघालो तर लोक आपल्याकडे ज्या नजरेने पाहतात ती बरेच दिवस लक्षात राहते. याउलट लांब पल्ल्याच्या खासगी बस कोणाचीही गय करत नाहीत. मागून हॉर्न आला की त्याचा अर्थ ‘मी येत आहे’ एवढाच असतो; निमूटपणे डावीकडे व्हावे. इंदूरजवळच्या भेरूघाटात ट्रकच्या मागे तासभर रांगलेल्या माणसाला संयम शिकवावा लागत नाही, पण इथे समोरून ओव्हरटेक करत येणारी बस आपल्याच बाजूला असते, हे प्रत्येक वळणावर गृहीत धरावे. हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही सक्तीचे आहे. काही झालेच तर 1990 या क्रमांकावर मोफत रुग्णवाहिका येते. ती सेवा भारताच्या मदतीने उभी राहिलेली आहे.

आता रस्ता. बेटाला दोन मोसमी पाऊस आहेत: मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा आणि वर्षाअखेर ईशान्येचा, म्हणून फेब्रुवारीत पश्चिम व दक्षिण किनारा कोरडा मिळतो, डोंगरात मात्र रेनकोट हाताशीच ठेवावा. निगंबोहून दंबुल्ला-सिगिरिया, तिथून कॅंडी, नुवारा एलिया, एल्ला, मग खाली उतरून तिस्समहाराम, आणि किनाऱ्याने गॉलवरून परत, असा गोल आठ दिवसांत आरामात बसतो. गॉलचा डच कोट सुंदर आहे, पण गॉल ते कोलंबो हा किनारी रस्ता गर्दीने पिचलेला आहे. तो पहाटे संपवावा. या सगळ्यातला माझा सर्वांत आवडता तुकडा एल्ला ते वेल्लवाया हा आहे. सुमारे 1,040 मीटरवरून सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरमध्ये रस्ता मैदानात उतरतो, वाटेत रावण धबधबा अगदी रस्त्याला लागून कोसळतो, आणि हवा वळणागणिक उबदार होत जाते. वर घातलेले जाकीट खाली पोहोचेपर्यंत नकोसे होते.

हत्तींविषयी आपण विचारले नाही, तरी सांगतो. सिगिरियाजवळ हबराण्याच्या बाजूला आणि बुत्तला-कतरगामा रस्त्यावर रानहत्ती सरळ डांबरीवर येतात. बुत्तल्याच्या रस्त्यावर ते खाण्यासाठी वाहने अडवतात, कारण लोकांनीच त्यांना फळे देऊन ती सवय लावली आहे. मोटारीतल्याला निदान काच असते, आपल्याला तीही नाही. अंधार पडल्यावर या भागात गाडी चालवूच नये. दिवसा हत्ती दिसला तर दूर थांबावे, हॉर्न देऊ नये, आणि एखादी बस आली की तिच्या आडोशाने निघावे.

जेवणाची चिंता नको, पण शाकाहारी असाल तर खोबऱ्याच्या सांबोलमध्ये, म्हणजे तिकडच्या चटणीत, सुक्या माशाचा चुरा असतो का, हे आधी विचारावे.

राहिला पत्नीला मागे बसवण्याचा प्रश्न. दीडशे सीसीच्या गाडीवर दोघे आणि दोन बॅगा घेऊन 1,868 मीटर उंचीवरच्या नुवारा एलियाची चढण चढता येते, पण दुसऱ्या गिअरचा तो सततचा घरघराट आणि पाठीचे दुखणे यांत चहाचे मळे दिसतच नाहीत. म्हणून पुढचा टप्पा आम्ही वाटून घेतला. हिने नुवारा एलियाजवळच्या नानुओया स्थानकावर गाडी पकडली आणि रेल्वेने एल्लाला आली. मी बॅगा घेऊन सीता एलियाच्या देवळात थांबत, हकगला, वेलीमडा, बंडारवेला असा रस्त्याने आलो. तिची गाडी दीड तास उशिरा आली, पण तिने पाहिलेले मळे माझ्यापेक्षा कितीतरी अधिक होते. नोव्हेंबर 2025 च्या चक्रीवादळात या डोंगरी रेल्वेमार्गाचे मोठे नुकसान झाले, तेव्हा गाड्या कुठपर्यंत चालू आहेत हे निघण्यापूर्वी पाहावे. आणि चालू असतील तर तिकीट एल्लाचे न काढता पुढच्या डेमोदराचे काढावे, कारण 1921 चा तो प्रसिद्ध नऊ कमानींचा पूल एल्ला ओलांडल्यावर लागतो. आम्हाला हे ठाऊक नव्हते. ही एल्लालाच उतरली, आणि पूल आम्ही दुसऱ्या दिवशी चिखलाच्या पायवाटेने चालत जाऊन पाहिला. आपण मोटरसायकल घेऊन डेमोदराच्या स्थानकाबाहेर उभे राहावे.