पोर्टल वाचता येत नाही म्हणून एम.ए. सोडायचं का?

प्रश्न : सर, मी सेलू तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. माझ्या मोठ्या मुलीची नजर दहावीपासून कमी होत गेली. डॉक्टरांनी रेटिनायटिस पिगमेंटोसा सांगितलं. आता तिला फक्त उजेड-अंधार कळतो. पण लेकरू जिद्दीचं आहे. कॉम्प्युटर बोलून दाखवतो ते सॉफ्टवेअर शिकून तिनं बी.ए. फर्स्ट क्लासमध्ये केलं. आता एम.ए. राज्यशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. या सत्रात एक पेपर ऑनलाइन पोर्टलवरूनच करायचा आहे. नोट्स, व्हिडिओ, दर आठवड्याची चाचणी, सगळं तिथंच. तिचं सॉफ्टवेअर तिथं धड काही वाचत नाही. मॅडम म्हणाल्या, भावाला बसवा, तो टिक करील. झालेल्या चाचण्या त्यानंच दिल्या. त्याची स्वतःची बारावी आहे. पोरगी म्हणते, असं पास व्हायचं असेल तर मला एम.ए.च नको. घरचे म्हणतात, गाण्याच्या परीक्षा देऊ द्या, नाहीतर बाहेरून एम.ए. करू द्या. तक्रार करावी तर कॉलेजवाले डूख धरतील, अंतर्गत गुण त्यांच्याच हातात. काय करावं कळंना. (एक आई, जि. परभणी)

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

एम.ए. सोडू देऊ नका आणि विषयही बदलू देऊ नका. गाणं तिला मनापासून आवडत असेल तर जरूर शिकावं, पण एका पोर्टलची बटणं नीट लावलेली नाहीत म्हणून राज्यशास्त्राच्या मुलीनं गाण्याकडे वळायचं, हे मला मान्य नाही. वर्गाला कुलूप असेल तर आपण किल्ली मागतो, पोरीचा विषय बदलत नाही. बहिःस्थ प्रवेशानंही प्रश्न सुटणार नाही. तिथंही अर्ज, साहित्य, निकाल आता ऑनलाइनच असतं.

आणि तुमची मुलगी जे म्हणते ते अगदी बरोबर आहे. भावानं टिक करून पास होणं तिला नको आहे, यातच ती पुढे नोकरी करू शकेल असं मला दिसतं.

तुमच्या परवानगीनं मी तिच्याशी फोनवर बोललो. तिनं लॅपटॉपचा आवाज मोठा करून चाचणीचं पान मला ऐकवलं. ती वापरते ते एनव्हीडीए हे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर (स्क्रीन रीडर) मोफत आहे आणि जगभरातली अंध माणसं ते रोजच्या कामाला वापरतात, म्हणजे दोष तिच्या साधनात नाही. लॉगिनला आधी चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाइप करायची होती. तीच अक्षरं आवाजात ऐकायची सोय तिथं नव्हती. भावाच्या मदतीनं आत गेल्यावर कीबोर्डवरची टॅब कळ दाबली, तर ‘रेडिओ बटन, नॉट चेक्ड’ असं चार वेळा ऐकू आलं. प्रश्न मात्र आलाच नाही. कारण प्रश्नाचा फोटो काढून चिकटवलाय, त्यामुळे सॉफ्टवेअरला ते नुसतं एक चित्र आहे. पुढच्या प्रश्नावर जायचं बटण टॅबनं सापडतच नव्हतं. ते फक्त माउसनं दाबायचं. एवढ्यात वेळ संपली आणि पेपर आपोआप जमा झाला. राज्यशास्त्र तिला येतं की नाही, हे त्या चाचणीनं विचारलंच नाही.

नोट्सचं आणखी वेगळं. काही पीडीएफ म्हणजे झेरॉक्सच्या कागदांचे स्कॅन आहेत. ते उघडले की सॉफ्टवेअर म्हणतं, पान रिकामं आहे. काही नोट्स जुन्या कृतिदेव फॉन्टमधल्या आहेत. डोळ्यांना तिथं ‘भारत’ दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. म्हणून तुमच्या मुलीला ऐकू येतं, ‘एच के के जे आर’. शंभर पानं अशी ऐकून बघा म्हणजे ती का रडकुंडीला येते ते कळेल. आपल्याकडे कितीतरी शिक्षकांच्या वर्षानुवर्षांच्या कष्टाच्या नोट्स याच फॉन्टमध्ये अडकल्यात. यात त्यांचा वाईट हेतू नसतो, त्यांना हे कोणी ऐकवलेलंच नसतं.

म्हणून पहिलं काम तक्रारीचं नाही, ऐकवण्याचं आहे. लॅपटॉप घेऊन तुम्ही दोघी मॅडमकडे जा. मोठ्या आवाजात ते पान त्यांना ऐकवा. मुलीलाच बोलू द्या, तुम्ही नुसत्या सोबत बसा. लॅपटॉप नेणं जमत नसेल तर एनव्हीडीए पेनड्राइव्हवरूनही चालतं, कॉलेजच्या संगणकावर लावता येईल.

मॅडमच्या हातात बरंच काही आहे. फोटोतला प्रश्न युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला मराठी म्हणूनच कळतील अशा अक्षरांत, टाइप करणं हे अर्ध्या तासाचं काम. कृतिदेवमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी मोफत कन्व्हर्टर आहेत. स्पष्ट स्कॅन असेल तर गूगल ड्राइव्ह मराठी अक्षरं ओळखून मजकूर काढून देतं, नंतर एकदा वाचून चुका दुरुस्त कराव्या लागतात, इतकंच. बरीच पोर्टलं मूडल या प्रणालीवर चालतात आणि तिच्यात एका विद्यार्थ्यापुरती चाचणीची वेळ वाढवून द्यायची सोय आधीपासूनच असते. तुमचं पोर्टल कशावर चालतं ते मॅडमना विचारा. लॉगिनची अडचण आणि ते न सापडणारं बटण मात्र विद्यापीठाच्या संगणक विभागाकडेच जाईल.

त्याच दिवशी लेखी अर्जही द्या. शीर्षक ‘तक्रार’ असं घालू नका, ‘सुलभ सुविधा मिळणेबाबत विनंती अर्ज’ असं घाला. प्राचार्यांच्या नावे लिहा आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका. अर्जात ‘पोर्टल चालत नाही’ असं मोघम लिहिलं तर ‘आमच्याकडे चालतं’ असं एका ओळीचं उत्तर येतं. त्यापेक्षा असं लिहा : अमुक तारखेला, क्रोम ब्राउजरवर, एनव्हीडीए वापरून चाचणी क्रमांक अमुक उघडली. प्रश्नाचा मजकूर चित्राच्या स्वरूपात असल्याने वाचला गेला नाही. ‘पुढे’ हे बटण कीबोर्डने मिळत नाही. वेळ संपल्याने पेपर आपोआप जमा झाला. प्रत्येक अडचणीखाली काय हवं तेही एका ओळीत लिहा. पोर्टल सांभाळणाऱ्या माणसाला याच माहितीची गरज असते.

आता भावाचं. परीक्षेला लेखनिक घेणं हा तिचा हक्क आहे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळते, म्हणजे ३ तासांच्या पेपरला १ तास. पण लेखनिक मंजुरीनं बसतो, त्याची नोंद असते. घरी भावानं तिच्या लॉगिननं चाचणी देणं याची कुठंच नोंद नाही. उद्या कुणी हरकत घेतली तर मॅडमचं तोंडी वाक्य कामाला येणार नाही आणि गुण तिचे जातील. म्हणून त्याच अर्जात लिहा की पोर्टल सुधारेपर्यंत या सत्रापुरती चाचणी कॉलेजमध्ये लेखनिक व जादा वेळेसह किंवा तोंडी घ्यावी, आणि आधीच्या चाचण्या पुन्हा द्यायची माझी तयारी आहे. सत्र चालू आहे, पोर्टल आठ दिवसांत सुधारणार नाही, तोवर तिचं वर्ष वाचलं पाहिजे.

डूख धरण्याची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. तालुक्याच्या कॉलेजात सगळे एकमेकांना ओळखतात आणि अंतर्गत गुण हे हत्यार असू शकतं. त्यावर एकच उपाय मला खात्रीचा वाटतो : कागद आणि सोबत. कागदाचं वर सांगितलं. सोबतीचं म्हणाल तर कॉलेजात ती एकटी नसणार. ज्याला ऐकू येत नाही त्याला त्या व्हिडिओंखाली अक्षरं हवीत, ज्याचा हात चालत नाही त्यालाही माउसशिवाय पान वापरता यायला हवं. असे दोघं-तिघं सापडले तर अर्ज सगळ्यांच्या सह्यांनी द्या. मग तो एका मुलीचा हट्ट राहत नाही.

कायदाही तिच्या बाजूनं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६चा आहे आणि एप्रिल २०१७पासून लागू आहे. शिक्षणात गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देणं त्यानं बंधनकारक केलंय. कलम ४२ इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर सुलभ स्वरूपात मिळण्याबद्दल आहे. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०२२ मध्ये उच्च शिक्षण संस्थांसाठी सुलभतेची मार्गदर्शक तत्त्वं काढली, भारतीय मानक ब्युरोचं आयएस १७८०२ हे मानक तर याच कामासाठी आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं, बँकांच्या ऑनलाइन केवायसीच्या प्रकरणात, डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. अर्जात एवढं सगळं कोंबू नका. अधिनियमाचं नाव आणि यूजीसीची तत्त्वं, एवढा उल्लेख पुरे.

पंधरा दिवसांत काहीच हललं नाही तर कॉलेजच्या समान संधी कक्षाकडे आणि विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा.  त्याच्या पुढे जिल्हास्तरीय समिती आणि पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. बहुतेक वेळा आवक क्रमांक पडल्यावरच गाडी हलते, पण पुढची वाट माहीत असलेली बरी.

या धावपळीत एक तपासा. तिची नजर टप्प्याटप्प्यानं गेली आहे, त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्र जुन्या टक्केवारीचं किंवा ठरावीक मुदतीचं असू शकतं. तसं असेल तर नव्यानं तपासणी करून यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) अद्ययावत करा. ऐन अर्जाच्या वेळी याच कागदावरून अडतं.

एम.ए.चा आग्रह मी का धरतोय तेही सांगतो. सहायक प्राध्यापक होण्यासाठी सेट किंवा नेट ही पात्रता परीक्षा लागते आणि त्यासाठी पदव्युत्तर पदवी. दिव्यांग उमेदवारांना त्यात ५५ ऐवजी ५० टक्के गुण चालतात. तिनं एम.ए. सोडलं तर हे दार बंदच होईल. बँकेच्या आणि स्पर्धा परीक्षा बी.ए.वरही देता येतात, सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला १ टक्का अंध व अल्पदृष्टी उमेदवारांचा. त्याची तयारी एम.ए. करता करता चालू ठेवावी.

यातली कुठलीही नोकरी घेतली तरी समोर स्क्रीन असणारच आणि तिथं भाऊ नसेल. म्हणून चाचणी दुसऱ्यानं दिली याची मला काळजी वाटते. गुण मिळतील, पण तिचा हात बसणार नाही. रोज थोडा वेळ तिनं अनोळखी वेबसाइटवर एकटीनं फिरावं. एच दाबून मथळ्यांवर, बी दाबून बटणांवर, के दाबून लिंकवर जायची सवय पक्की करावी. मराठी युनिकोड टायपिंग वेगानं यायला हवं.

आणखी एक वाट तिला सांगा. वेबसाइट आणि अ‍ॅप अंध माणसाला वापरता येतात का, हे तपासायचं काम आता पगारी आहे. सॉफ्टवेअर कंपन्या त्यासाठी स्क्रीन रीडर वापरणारी माणसं घेतात. इंग्रजी बरं लागतं, थोडं एचटीएमएल, म्हणजे वेबपानं लिहायची भाषा, शिकावं लागतं. फोनवर तिनं मला प्रत्येक अडचण कुठली कळ दाबल्यावर आली ते न अडखळता सांगितलं. या कामाची ती सुरुवातच आहे. पण हे एम.ए. सोडून नव्हे, एम.ए.सोबत.

अर्जाचा मसुदा तिलाच लिहू द्या. लिहून झाला की मला पाठवा. तारखा आणि चाचणी क्रमांक तपासून लगेच परत पाठवतो. तेवढ्यात मॅडमची वेळ मागून ठेवा.