डच लेखक लुकास रायनेवेल्ट पहिल्या कादंबरीला आंतरराष्ट्रीय बुकर मिळाला तेव्हाही गोठ्यात काम करत होते, हे खरं आहे का?

हो, खरं आहे. २०२० मध्ये 'द डिसकम्फर्ट ऑफ इव्हनिंग'ला आंतरराष्ट्रीय बुकर मिळाला, तेव्हा २९ वर्षांचे रायनेवेल्ट लेखनासोबत दुग्धशाळेत गाई सांभाळत होते. त्यांचं बालपणही नेदरलँड्सच्या नॉर्थ ब्राबांट प्रांतातल्या कडव्या धार्मिक शेतकरी घरात गेलं. लहानपणीच भाऊ गेला आणि तेच दुःख कादंबरीत उतरलंय. कादंबरीत भाऊ बर्फाखाली बुडाल्यावर दहा वर्षांची नायिका 'यास' अंगातला कोट काढतच नाही. डचमध्ये 'यास' म्हणजेच कोट! हे कळल्यावर ते पान मी पुन्हा वाचलं. मात्र ही पहिली कादंबरी असली, तरी पहिलं पुस्तक नव्हे. २०१५ मध्येच त्यांचा कवितासंग्रह आला होता. शिवाय हा पुरस्कार इंग्रजीत अनुवादित पुस्तकाला मिळतो, त्यामुळे पुरस्काराच्या ५० हजार पौंडांतला निम्मा वाटा अनुवादक मिशेल हचिसन यांचा.