पाण्याची कंपनी बदलता येत नाही

प्रश्न : माझा मुलगा इंग्लंडात, लंडनजवळच्या स्लॉला असतो. मागे त्याने विजेची कंपनी बदलली आणि पैसे वाचले म्हणाला. पुढे २०२५ च्या एप्रिलात पाण्याचं बिल चढलं, तेव्हा मी फोनवर म्हटलं, "मग तीही बदल की!" तर हसायलाच लागला. यात हसण्यासारखं काय आहे? आणि लेबर सरकार रेल्वे ताब्यात घेतंय, तर पाणी का घेत नाही?
– एक निवृत्त बँक कर्मचारी, मिरज

उत्तर : काका, तो तुम्हाला हसला नाही, स्वतःच्या बिलाला हसला. विजेच्या तारा त्याच राहतात, बिल पाठवणारी कंपनी तेवढी बदलते. इंग्लंडात पाण्याचं तसं नाही. घर ज्या कंपनीच्या हद्दीत, ती तुमची कंपनी. नको असेल तर घर बदला. (दुकानांना आणि कारखान्यांना २०१७ पासून बिल देणारी कंपनी निवडता येते. घरांना नाही.)

तुम्ही बँकेतले आणि मी इथल्या, म्हणजे इंग्लंडातल्या, नगरपालिकेच्या हिशेब खात्यात बावीस वर्षं काढलेली, तेव्हा खतावणीच उघडू. १९८९ साली पंतप्रधान थॅचरबाईंनी इंग्लंड आणि वेल्समधली दहा पाणी-मंडळं विकली. नुसतं चालवायला दिली नाहीत. नळ, धरणं, मैलाशुद्धीकरणाची केंद्रं, जमिनी, सगळं विकलं. विकण्याआधी सरकारने त्यांच्या डोक्यावरचं सुमारे पाच अब्ज पौंडांचं कर्ज माफ केलं. म्हणजे खातं शून्यावर आणून नव्या मालकाच्या हातात पासबुक दिलं. आज या कंपन्यांचं एकूण कर्ज साठ अब्जांच्या वर आहे. सगळं उधळलं असं मी म्हणणार नाही, बरंच पाइपांत आणि टाक्यांत गेलं. पण तेवढ्याच वर्षांत भागधारकांना लाभांशही अब्जावधींनी वाटला गेला. कर्ज काढायचं आणि लाभांश वाटायचा, असा प्रस्ताव घेऊन एखादा खातेदार तुमच्या टेबलापाशी आला असता, तर तुम्ही त्याला चहा तरी पाजला असता का?

लंडन आणि आसपासच्या दीडेक कोटी लोकांना पाणी देणारी थेम्स वॉटर २००६ ते २०१७ मॅक्वेरी या ऑस्ट्रेलियन गुंतवणूक कंपनीच्या हातात होती. त्या काळात तिचं कर्ज तिपटीच्या घरात गेलं. आता ते वीस अब्ज पौंडांच्या आसपास आहे. २०२५ च्या मे महिन्यात ऑफवॉट या पाणी-कंपन्यांच्या सरकारी नियामकाने तिला १२ कोटी २७ लाख पौंड दंड ठोठावला, आणि पुढच्याच महिन्यात नवे पैसे ओतायला आलेल्या केकेआर या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने पाय मागे घेतला. इंग्लंड-वेल्समधलं घरगुती बिल त्या वर्षी सरासरी १२३ पौंडांनी वाढून ६०३ वर गेलं. तुमचा मुलगा हसला तो या पार्श्वभूमीवर.

आता रेल्वे. रूळ खासगीच नाहीत. ते सांभाळणारी रेलट्रॅक कंपनी २००१ मध्ये कोसळली आणि त्यांचा कारभार हळूहळू सरकारकडे आला. खासगी होत्या त्या गाड्या चालवणाऱ्या कंपन्या, त्याही मुदतीच्या करारावर. २०२४ च्या कायद्याने ठरलं की करार संपला की नूतनीकरण नाही. २५ मे २०२५ ला साउथ वेस्टर्न रेल्वे आली, मग सीटूसी, मग ग्रेटर अँग्लिया. भाडेकरूची मुदत संपली, किल्ली परत घेतली. भरपाईचा प्रश्नच नाही.

पाण्यात मात्र कंपनी भाडेकरू नाही, मालक आहे. परवाना संपवायचा तर पंचवीस वर्षांची नोटीस द्यावी लागते. सरकार म्हणतं, परत घ्यायला शंभर अब्ज पौंड लागतील. विरोधक म्हणतात, हा आकडा नियामकाच्या वहीतल्या मालमत्तेच्या किमतीवर बेतलाय. कर्जात बुडालेल्या कंपनीला वहीतला भाव कोण देतं? मला यात विरोधकांचं पटतं. शिवाय कंपनी खरंच बुडाली तर न्यायालयामार्फत तिचा कारभार तात्पुरता प्रशासकाकडे देण्याची सोय कायद्यात आहेच.

खरी अडचण इच्छेची आहे. २०२० मध्ये लेबर पक्षाच्या नेतेपदासाठी उभे असताना, पुढे पंतप्रधान झालेल्या स्टार्मर यांनी रेल्वे, टपाल, वीज आणि पाणी या चारही गोष्टी लोकांच्या मालकीत आणू म्हणून वचन दिलं होतं. रेल्वे उरली, बाकीचं गळलं. पाण्याचा विचार करायला सर जॉन कन्लिफ यांचा आयोग नेमला आणि राष्ट्रीयीकरणावर बोलायचं नाही हे आधीच बजावलं. म्हणजे स्थळ बघायला पाठवायचं, पण मुलीचा विषय काढायचा नाही! आयोगाने ऑफवॉटच मोडीत काढा असं सांगितलं, सरकारने ते मानलं. गंमत अशी, की ग्रीन पक्ष पाणी सरकारी करा म्हणतो आणि दुसऱ्या, उजव्या टोकाच्या रिफॉर्म पक्षाच्या २०२४ च्या जाहीरनाम्यातही निम्मी मालकी सरकारची होती, उरलेली निम्मी ब्रिटिश पेन्शन फंडांची.

प्रश्न : नागपुरातही २०१२ पासून पाणी खासगी कंपनी बघते. मग इंग्लंडसारखंच झालं ना?
– गृहिणी, धरमपेठ

उत्तर : नाही ताई. तिथे जलवाहिन्या आणि टाक्या महापालिकेच्याच आहेत, कंपनीला चालवायचा करार आहे. भांडायला तुमच्याकडे नगरसेवक आहे. इथे माझ्या नगरसेवकाला पाण्याचं विचारलं तर तो कंपनीचा फोन नंबर देतो.

प्रश्न : स्कॉटलंडमध्ये पाणी सरकारीच आहे. तिथल्या नद्या स्वच्छ आहेत का?
– विद्यार्थी, एडिंबरा

उत्तर : सरकारी राहिलं त्याचं एक कारण लोक. १९९४ मध्ये स्ट्रॅथक्लाइड प्रादेशिक परिषदेने टपालाने मत मागवलं, तर ९७ टक्क्यांनी खासगीकरण नको म्हणून सांगितलं. पण पाण्याचा मालक कोण, हे नदीला कळत नाही. जुन्या शहरांत संडासाचं आणि पावसाचं पाणी एकाच गटारात जातं. जोराचा पाऊस आला की ते घरांत उलटू नये म्हणून नदीत सोडतात. इंग्लंडात २०२४ मध्ये असं ३६ लाख तास सोडलं गेलं. हा आकडा कळतो, कारण सगळ्या निकासांवर मापकं बसली आहेत. स्कॉटलंडने ती बसवायला उशीर केला, त्यामुळे तिथला कमी आकडा पाहून फार खूश होऊ नका.

मिरजेच्या काकांसाठी आणखी एक. मुलाला बिलात पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याची ओळ शोधायला सांगा. छतावरचं पाणी गटारात न जाता अंगणातल्या शोषखड्ड्यात जात असेल, तर अर्ज केल्यावर ती रक्कम कमी होते. आमच्याकडे कुठे जातं ते कळेना, म्हणून मी पन्हाळीत बीट उकडलेलं लाल पाणी बादलीभर ओतलं आणि ह्यांना गटाराचं झाकण उघडून बसवलं. अर्धा तास लाल थेंब दिसला नाही. अर्ज केला, सूट मिळाली. बीटाची कोशिंबीर त्याच संध्याकाळी झाली.