प्रवासासाठी सुटसुटीत टेलिफोटो झूम

प्रश्न : माझ्याकडे कॅननचा १५०० डी कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स आहे. कास, ठोसेघर, वासोटा येथे फिरताना दूरचे टिपण्यासाठी टेलिफोटो झूम घ्यावी असे मनात आहे. दुकानदार ७५-३०० सुचवतात, तर एक स्नेही ७०-२०० एफ २.८ घ्या म्हणतात. प्रवास बहुधा एस.टी.ने आणि पुढे पायी होतो. कोणती घ्यावी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपला शेवटचा तपशीलच निवड सोपी करतो. ७०-२०० एफ २.८ (म्हणजे भरपूर प्रकाश आत घेणारी) उत्कृष्ट आहे, याबद्दल दुमत नाही. पण तिचे वजन जवळजवळ दीड किलो भरते, आणि बामणोलीहून लाँचने शिवसागर जलाशय ओलांडून वासोट्याची चढण एकदा तिच्यासह चढलेला माणूस पुढच्या खेपेस ती घरीच ठेवतो. आपण कॅननची ईएफ-एस ५५-२५० आयएस एसटीएम घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. यातले ‘आयएस’ म्हणजे हाताची थरथर सावरणारी यंत्रणा आणि ‘एसटीएम’ म्हणजे फोकस करणाऱ्या मोटरचा प्रकार. तिचे वजन अवघे ३७५ ग्रॅम आहे आणि आपली १८-५५ जिथे संपते तिथूनच ती सुरू होते.

७५-३०० मध्ये मिळणाऱ्या जादा ५० मिलिमीटरने वस्तू फार तर एक-पंचमांश मोठी दिसते. मात्र त्या लेन्सला थरथर सावरणारी ही यंत्रणा नाही. आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्याने २५० वरची चौकट ४०० मिलिमीटरसारखी दिसते, म्हणजे अशा यंत्रणेवाचून शटर १/४०० सेकंदाच्या आसपास ठेवावे लागते. पावसाळी ढगांखाली त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) चढवावा लागतो आणि चित्रात दाणे दिसू लागतात.

माझ्या मते निर्णायक मुद्दा मात्र जवळून फोकस होण्याचा आहे, आणि तो कासला कळतो. तिथे पायवाट सोडून फुलांत पाऊल टाकायचे नाही, हे आपण जाणताच. ७५-३०० दीड मीटरच्या आत फोकस होत नाही. ५५-२५० एसटीएम ८५ सेंटिमीटरपासून होते. त्यामुळे वाटेच्या कडेला उकिडवे बसून, लेन्स २५० वर नेऊन, ‘सीतेची आसवे’ या फुलांचा एखादाच जांभळा तुरा टिपता येतो आणि मागचा तेरडा नुसता गुलाबी रंग होऊन विरघळतो. पठारावरच्या वाऱ्याने डोलणारे फूल मात्र कोणतीही यंत्रणा थांबवू शकत नाही, कारण ती फक्त आपला हात सावरते. तेव्हा शटर १/५०० ठेवून वारा क्षणभर पडण्याची वाट पाहावी आणि मग सलग चार-पाच फोटो घ्यावेत.

या लेन्सला पाण्यापासून संरक्षण नाही. हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारे कडे) वेगळे घ्यावे लागते, ते जरूर घ्यावे. भुरभुर त्याने बरीच अडते. लेन्स बदलायची ती आडोशाला, कॅमेऱ्याचे तोंड खाली करून. साताऱ्याच्या पावसाळ्यात बुरशीची भीती खरी असल्याने घरी आल्यावर ती कोरडी पुसून सिलिका जेल टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

जुनी मिळत असेल तर आतून विजेरीचा उजेड पाडून काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात का ते पाहावे, आणि लेन्सवर ‘एसटीएम’ ही अक्षरे आहेत याची खात्री करावी. आधीची ‘आयएस २’ आवृत्तीही ५५-२५० च आहे, पण तिला फुलापासून १.१ मीटर दूर राहावे लागते.